पळीभर पाणी

आमच्या हॉलमध्ये सहा वर्षं एक झाड होतं. ते मरायला लागलं तेव्हा मी माझ्या बायकोला एक वाक्य बोललो. ते मागे घ्यायचं म्हणून योग्य वेळ शोधत राहिलो, आणि योग्य वेळ शोधत बसणाऱ्यांचं जे होतं तेच माझं झालं. ती गेली. म्हणून आता हे लिहितोय. कोणी वाचावं म्हणून नाही, असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. एकीनं वाचायला हवं होतं, ती नाही, म्हणून दुसऱ्या कोणीतरी वाचावं.

मी मूळचा जळगावकडचा. नोकरीसाठी बडोद्याला आलो आणि इथेच राहिलो. कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं तेलाचे नमुने तपासले. त्या कामानं माणसाचा स्वभाव असा होतो की घरात आलेलं दूधसुद्धा उजेडात धरून बघावंसं वाटतं. बायको डभोईची, तिथल्या एका मराठी मास्तरांची मुलगी. तिचं मराठी ऐकून माझी आई सुरुवातीला गोंधळून जायची. खिडकीला ती बारी म्हणायची, भाजीला शाक, आणि वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावल्याशिवाय तिचं वाक्य पुरं व्हायचं नाही. ‘बारी उघडा ने.’ मी तिला पस्तीस वर्षं त्यावरून चिडवलं आणि कधीतरी मीच बारी म्हणायला लागलो. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मी मराठी बोलतो असं आता कोणाला वाटतही नाही.

झाड आणलं लेकीनं. एकुलती एक. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कुठल्याशा चित्रात तिनं ते पाहिलं होतं. फिडल लीफ फिग. फिग म्हणजे अंजीर, तेव्हा हिनं लगेच विचारलं, अंजिरं लागतात का? लेक म्हणाली, नाही लागत. फुलं? तीही नाही. ‘मग करायचं काय त्याचं?’ ‘बघायचं, आई.’ हे उत्तर हिला अजिबात पटलं नाही.

करजणच्या अलीकडे हायवेला ओळीनं नर्सऱ्या आहेत, तिथल्या एकीत ते मिळालं. गुडघ्याएवढं रोप, पण पानं सुपाएवढाली, चकचकीत, शिरा उठून दिसणारी. नर्सरीवाला काका मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘साहेब, बहु नखरावाळुं झाड छे. जग्या बदलशो तो रिसाई जशे.’ जागा बदलली की रुसणारं झाड विकत घ्यायचं म्हणजे कमाल आहे, मी म्हटलं, घरात दोन आहेत तेवढ्या पुरे. लेकीनं ते ऐकलंच नाही, ती झाडात गुंतलेली होती, आणि ही तर आमच्याबरोबर आलीच नव्हती. घरी येऊन मीच हिला सांगितलं, तेव्हा ही दिवसभर रुसली.

स्कूटरवरून आणलं ते. मी पुढे, लेक मागे, तिच्या मांडीवर कुंडी, आणि पानांना वारा लागू नये म्हणून तिच्या ओढणीत झाड गुंडाळलेलं. बाजूनं ट्रक गेला की ती ओरडायची, ‘हळू, बाबा!’ तीस किलोमीटरला दीड तास लागला. तरी एक पान फाटलंच. तिनं घरी येऊन त्याला मागून चिकटपट्टी लावली. ही पोट धरून हसली. ते चिकटपट्टीचं पान पुढे तीन वर्षं झाडावर होतं.

पूर्वेच्या बारीपाशी त्याची जागा ठरली. हिला त्याचं इंग्रजी नाव म्हणता यायचं नाही असं नाही, पण म्हणायची नाही. सुपड्याचं झाड म्हणायची. लेक दर रविवारी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची आणि कुंडी पाव वळण फिरवायची, म्हणजे सगळीकडून ऊन लागून झाड सरळ वाढावं. पाणी घालण्याआधी मातीत एक काडी खुपसून बघायची. काडी कोरडी आली तरच पाणी. खाली जमिनीवर बसून, कुंडीला पाठ टेकून ती रात्रंदिवस नकाशे काढायची. झाड तिच्या खांद्यापर्यंत आलं तेव्हा तिला नोकरी लागली, आणि डोक्याच्या वर गेलं तेव्हा ऑस्ट्रेलियातली दुसरी नोकरी लागली.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं फ्रिजच्या अंगाला एक कागद चिकटवला. झाडाचं सगळं त्यात लिहिलेलं होतं, पाणी कधी, खत कधी, ऊन किती. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत: ‘लाडानं पाणी घालायचं नाही. हे आईसाठी.’ ही वाचून हसली. मलाही हसू आलं. त्या कागदावरची तीच ओळ पुढे मी हिच्याविरुद्ध वापरणार होतो.

अहमदाबादच्या विमानतळावर लेकीनं पाया पडून बॅग ढकलायला घेतली आणि ही सवयीनं म्हणाली, ‘आवजो.’ पुन्हा या, असं निघालेल्या शेजारणींना दारातून म्हणते तसं. लेक म्हणाली, ‘आई, मी काय पाहुणी आहे?’ तिघंही हसलो.

झाड माझ्याकडे आलं. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि माझ्या हातांना काही काम नव्हतं. निरोपाच्या दिवशी लॅबमधल्या पोरांनी गमतीनं मला एक अर्ध्या लिटरचं मोजपात्र दिलं होतं, काचेचं, रेघा आखलेलं. त्यानं मी पाणी मोजून घालायचो. किती घातलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचो. एकादशी, चतुर्थी आणि त्याखाली साडेसातशे मिली. ही म्हणायची, ‘देवाचं कॅलेंडर आहे ते, दवाखान्याचा तक्ता नाही.’

रविवारी सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन आधी झाडाकडे फिरवायचा, असा नियमच झाला होता. नवं पान आलं की कोंबावरचं तपकिरी आवरण गळून पडायचं आणि आतून पोपटी, ओलसर, घडी घातलेलं पान निघायचं. ते मी फोन जवळ नेऊन दाखवायचो. लेक खूश व्हायची. मग मला पाण्याचं विचारायची, मी आकडे सांगायचो. तिचं काम कसं चाललंय, जेवते काय, एकटीला भीती वाटते का, हे मला विचारता यायचं नाही. झाडाबद्दल बोलता यायचं. ही शेवटी फोन घ्यायची आणि आतल्या खोलीत जायची.

एकदा पान पुसताना देठ मोडला आणि पांढरा चीक टपकला. ही घाबरली, झाडाला काय झालं म्हणाली. मला तर शिकवायला निमित्तच हवं असतं. मी तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, रबर, सगळे एका कुळातले. सगळ्यांना चीक असतो. हा त्यांचाच आफ्रिकेतला चुलतभाऊ. ती फडकं हातात धरून ऐकत होती. ‘म्हणजे उंबराच्या घरचं ने हे?’ एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, अगदी उंबराच्या घरचं.

डभोईला तिच्या माहेराच्या मागे दत्ताचं एक लहान देऊळ होतं आणि देवळापाशी औदुंबर. तिची आई दर गुरुवारी तिथे पाणी घालायला जायची, बोट धरून ही. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं. त्यानंतर आमच्या घरातला चपलांचा स्टँड झाडाजवळून उठून दाराबाहेर गेला. कामाच्या बाईला कुंडीला झाडू लागू न देण्याची ताकीद मिळाली. झाडाचा शेंडा पंख्याच्या पात्यापाशी पोचला तेव्हा मी म्हटलं, वरून छाटू, म्हणजे फांद्या फुटतील. ही एकदम म्हणाली, ‘उंबराला कात्री लावत नाहीत.’ मी हसलो, आणि पंखाच बंद ठेवायचं ठरलं. हे सगळं मी बघत होतो आणि माझ्या मते ते गमतीचं होतं.

पाचव्या दिवाळीला फरशी पॉलिश करून घेतली. आमचं घर जुन्या बांधणीचं, मोझेकची फरशी, पॉलिश केल्यावर त्यात तोंड दिसायला लागलं. फक्त कुंडीखाली एक तपकिरी डाग होता, परातीएवढा गोल. कुंडीतून खाली ताटलीत उतरलेलं पाणी ओसंडून झालेला. घासून घासून तो काढून घेतला आणि पुन्हा पडू नये याचा बंदोबस्त मी जातीनं केला. अशा कामात मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. लेक यायची होती, आली नाही. तिला रजा मिळाली नाही.

होळीच्या सुमारास पहिलं पान पडलं. खालचं, जुनं. झाडं पानं टाकतातच, मी म्हटलं. मग चार दिवसांत तीन पडली. पानांवर मध्यभागापासून काळपट डाग पसरायचे, हात लावला तर मऊ लागायचे. मी तपासाला लागलो. ऊन जास्त होतंय का? जाळीचा पडदा लावला. कमी होतंय का? पडदा काढला. समोर नवी इमारत उठत होती तिची धूळ असेल, म्हणून रोज पानं पुसली. फोडणीचा धूर असेल म्हणून हिला स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला लावलं, मार्च-एप्रिलच्या उकाड्यात. कुंडी ढकलत दुसऱ्या बारीपाशी नेली. नर्सरीवाल्याचं बोलणं आठवून परत आणली. पानं माना टाकायला लागली, तेव्हा उन्हाळा आहे, तहान लागत असेल, म्हणून पाणी वाढवलं. काडी खुपसून बघायचो ती कोरडीच यायची. माझं मोजमाप बिनचूक होतं.

रविवारी फोन फिरवताना मी आता वरचीच पानं दाखवायचो. लेक म्हणायची, ‘बाबा, जरा लांबून दाखवा ना.’ मी म्हणायचो, उजेड नाही नीट.

तो गुरुवार होता. पेन्शनच्या कामासाठी मी बँकेत गेलो आणि पासबुक घरी विसरलो म्हणून अर्ध्या तासात परत आलो. किल्लीनं दार उघडलं. ही झाडासमोर उभी होती, डोळे मिटून, हात जोडून, स्वतःभोवती हळूहळू फिरत. देवाभोवती फिरायला जागा नसली की बायका फिरतात तशी. झाड कोपऱ्यात होतं, त्याला प्रदक्षिणा घालता येत नव्हती. कुंडीच्या काठाला हळदकुंकू लावलेलं, एक जास्वंद ठेवलेलं, आणि शेजारच्या स्टुलावर पाण्यानं भरलेला तांब्या. मला फक्त तो तांब्या दिसला.

‘हे किती दिवस चाललंय?’

ती दचकली. ‘दर गुरुवारी करते. तुम्हीच म्हणालात ने, उंबराच्या घरचं आहे म्हणून.’

‘आणि हा तांब्या?’

‘पळीभरच घालते हो. तांब्यात पळी आहे, बघा. एकच पळी.’

‘पळीभर पाण्यानं झाड असं सडत नाही.’

तिनं तांब्यातली पळी काढून माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, ‘ती परत यावी म्हणून हे ना?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘परत कशाला मागू? तिचं तिथे बरं चाललंय ने. तिला तिथे करमू दे, एवढंच म्हणते. ती रडते फोनवर. तुम्हाला माहीत नाही. तुम्ही झाड दाखवता, मग मी आत नेते फोन, तेव्हा रडते.’

इथे मी थांबायला हवं होतं. माझी मुलगी रडत होती आणि ते मला माहीत नव्हतं, हे ऐकल्यावर कोणताही बाप थांबला असता. पण मला आधी जिंकायचं होतं. फ्रिजवरच्या कागदाकडे बोट करून मी म्हणालो, ‘लेकीनं लिहून ठेवलं होतं. तुझ्यासाठीच लिहिलं होतं. तू मारलंस हे झाड. तिची एवढी एकच जिवंत वस्तू घरात होती, ती तू मारलीस.’

तिनं पदरानं कुंडीच्या काठावरचं कुंकू पुसलं. जास्वंद उचललं. तांब्या आत नेऊन पालथा घातला. मग बाहेर येऊन मला म्हणाली, ‘पासबुक टीव्हीच्या खणात आहे.’

मी पासबुक घेऊन बँकेत गेलो. रागात नव्हतो, उलट एक कोडं सुटल्याचं समाधान होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या दिवशी दुपारी मी नीट जेवलो.

त्यानंतर ती झाडाजवळ गेली नाही. हॉलमधून जाताना दुसऱ्या बाजूनं जायची. झाड तिनं हात न लावताही मरत राहिलं, आणि हे बघून माझ्या लॅबमध्ये मुरलेल्या डोक्यात काहीतरी यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हटलं, व्हायचं ते नुकसान आधीच होऊन गेलंय. जूनमध्ये शेवटची दोन पानं पडली आणि नुसती काठी उरली.

त्या रविवारी लेकीनं विचारलंच, झाड का दाखवत नाही? मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात हिनं माझ्या हातून फोन घेतला. ‘गेलं गं ते. माझ्या हातून गेलं. तू लिहिलं होतंस तरी मी पाणी घालत राहिले.’ लेक म्हणाली, ‘असू दे, आई. झाडच आहे.’ तिचा आवाज तसा नव्हता. मी शेजारी बसलो होतो. मला एक शब्द बोलता आला असता. मी बसून राहिलो.

ती काठी फेकवेना. महिनाभर तशीच कोपऱ्यात होती. मग माझ्या भाच्याच्या लग्नाला मी दोन दिवस जळगावला गेलो. हिचे गुडघे दुखत होते म्हणून ही आली नाही. परत आलो तर हॉलचा कोपरा रिकामा, आणि कुंडी गॅलरीत. त्यात तिनं गवती चहाचा ठोंब लावला होता. लीली चा, ती म्हणायची. ‘एवढी मोठी कुंडी रिकामी कशाला ठेवायची?’ मी बरं म्हटलं. मनातून सुटल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात माझा मोठा स्क्रू-ड्रायव्हर टोकाशी वाकलेला सापडला. माझी हत्यारं मी कोणाला देत नाही. मी आरडाओरडा केला, कोणी वापरला, कशावर ठोकला? ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘मला काय माहीत?’ तिला खोटं बोलता यायचं नाही, वर बघायची नाही खोटं बोलताना. तेव्हाही वर बघितलं नाही. पण माझं लक्ष स्क्रू-ड्रायव्हरकडे होतं.

पुढचे सहा महिने आम्ही त्या कुंडीतला चहा प्यायलो. ती पूर्वीसारखीच होती असं मी स्वतःला सांगायचो. हसायची, शेजारणींशी दारात उभं राहून तासभर बोलायची, माझ्या मोजपात्राची टिंगल करायची. फक्त गुरुवारी काही करायची नाही. उपास असायचा, पण दिवा लावला की संपलं. मला ते दिसायचं. बोलायचं ठरवायचो आणि सकाळची दुपार व्हायची.

एकदा कमाटीबागेत गेलो होतो, संध्याकाळी, थंडी सुरू झाली होती. एका मोठ्या वडाखालच्या बाकावर बसलो. ती वर बघून म्हणाली, ‘हा पण त्याच घरचा ने?’ मी हो म्हटलं. तिनं स्वतःच विषय काढला होता. याहून सोपं कोणी काय करून देणार? माझ्या तोंडात शब्द आले होते. चुकलं माझं, बोलायला नको होतं. तेवढं बोलून होण्याआधी मीठ लावलेल्या शेंगा विकणारा समोर आला. मी म्हटलं, ‘शेंगा घेऊ का?’ ती माझ्याकडे बघत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, ‘घ्या ने.’

जानेवारीत ती गेली. दुपारी जेवण झाल्यावर आडवी झाली, म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं वाटतंय, चारला चहा द्या. मी डॉक्टरला बोलावू का विचारलं, तर गॅस असेल म्हणाली. चारला मी चहा ठेवला. गॅलरीत जाऊन दोन पाती तोडून घातल्या. कप घेऊन आत आलो, हाक मारली. मग कप कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. नंतर कोणालातरी तो देवघरात सापडला.

लेक दुसऱ्या दिवशी रात्री पोचली. तोवर सगळं आटोपलं होतं. दारात उभी राहून ती पहिल्यांदा हॉलच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

तेरावं झाल्यावर ती घर आवरायला लागली. साड्या वाटल्या, डबे पुसले. गॅलरीत गवती चहा कुंडीबाहेर ओसंडत होता. ती म्हणाली, ‘याचे दोन ठोंब करते, एक समोरच्या काकींना देते, आई गेल्यापासून तीनदा विचारून गेल्या.’ कुंडी आडवी पाडून तिनं ठोंब ओढून काढला. मी खुर्चीवर बसून बघत होतो. तिनं कुंडी पालथी केली आणि म्हणाली, ‘बाबा, हे काय लागलंय बुडाला?’

मी उठून बघितलं. कुंडीच्या बुडाला पाणी निघून जायचं भोक असतं. त्या भोकाभोवती राखाडी रंगाचं कडं होतं, दगडासारखं टणक. मध्ये वेडंवाकडं फोडलेलं छिद्र, काठावर टवके उडालेले, ठोकून ठोकून काढल्याच्या खुणा.

मला ओळखायला एक क्षण लागला नाही. तो इपॉक्सीचा लगदा होता, गळके पाइप बुजवायला वापरतात तो. मीच मळला होता. दिवाळीला पॉलिशवाल्यांनी झाड उचलून गॅलरीत नेलं, तेव्हा कुंडी कलती करून मी ते भोक बुजवलं होतं, फरशीवर पुन्हा डाग पडू नये म्हणून. दिवाळीपुरतं. पाहुणे येऊन गेले की काढू असं ठरवलं होतं, आणि विसरलो. साफ विसरलो. पुढे ताटलीत पाणी उतरेनासं झालं तेव्हा मी कॅलेंडरात काय लिहिलं होतं तेही मला आठवलं. ‘झाड सगळं पाणी पितंय.’ वर माती कोरडी, काडी कोरडी, आणि खाली माझं मोजूनमापून घातलेलं पाणी साचत होतं. मुळं त्यात उभी राहून सडली. पानांनी माना टाकल्या तेव्हा मी आणखी घातलं.

आणि हिला ते माहीत होतं. मी जळगावला असताना तिनं एकटीनं ती कुंडी रिकामी केली. भोक बुजलेलं दिसलं. कोणी बुजवलं हे विचारायची तिला गरज नव्हती, घरात तो लगदा वापरणारा एकच माणूस होता. दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून तिनं स्क्रू-ड्रायव्हर ठोकून ते फोडलं. माती भरली, चहा लावला. मी आलो तेव्हा मला दाखवता आलं असतं. हे बघा, म्हणता आलं असतं. तिच्या जागी मी असतो तर कुंडी हॉलच्या मध्यावर पालथी मांडून ठेवली असती.

मी आत गेलो. देवघरातून तिची पळी घेतली, तांब्याची, लहान. मोजपात्र तिच्याच हातानं माळ्यावर गेलं होतं, ते काढलं. पळ्या भरभरून त्यात ओतल्या, दहा. डोळ्यांसमोर धरून रेघ वाचली. साठ मिली. म्हणजे एक पळी सहा मिली. आठवड्याला सहा मिली पाणी. पानं पुसायच्या फडक्यातून याहून जास्त गळायचं. चौतीस वर्षं मोजमापावर पोट भरलं आणि एवढं एक मोजायला मला तिच्या मरणापर्यंत थांबावं लागलं. त्या गुरुवारी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटांत मोजता आलं असतं. ती म्हणालीही होती, बघा.

लेक दारात उभी होती, हाताला माती. मी तिला सगळं सांगितलं. भोकाचं, डागाचं, तांब्याचं. जे वाक्य बोललो होतो तेही, एकही शब्द न गाळता.

तिनं हातांची माती झटकली. मग म्हणाली, ‘आई मला फोनवर म्हणाली होती, बाबांना झाडाचं कधी काही विचारू नकोस, त्यांना लागतं. मला वाटलं, झाड गेल्याचं लागतं.’

मी पळी हातात धरून होतो. खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

‘नंतर कधी काही बोललात तुम्ही आईला?’ तिनं विचारलं. ‘चुकलं म्हणून?’

‘कमाटीबागेत बोलणार होतो,’ मी म्हटलं.

‘मग? काय म्हणालात?’

‘शेंगा घेऊ का म्हणालो.’